शनिवार-रविवार ब्रायटन



ही व्याख्यानमाला बघणारे बरेचसे लोक माझ्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी आहेत. कोणी बडोद्याचे, कोणी हैदराबादचे, कोणी बेळगावचे. मी इंदूरचा. आपल्यापैकी अनेकांच्या घरातलं एक तरी माणूस परदेशात आहे. आपण त्याच्याकडे जातो, त्याला एक शनिवार-रविवार सुट्टी मिळते आणि प्रश्न पडतो : दोन दिवसांत कुठे जायचं? आज मी अशाच दोन दिवसांबद्दल बोलणार आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ब्रायटन, आणि आम्ही चार मित्र.

आम्ही चौघं एकाच शाळेतले. दोघं बारा वर्षं लंडनला आहेत, एक बंगळुरूला, मी इंदुरातच. मागच्या सप्टेंबरात कामानिमित्त मी तीन आठवडे लंडनला होतो आणि बंगळुरूवालाही त्याच सुमारास तिथे आला होता. पंचेचाळिशी ओलांडलेली चार माणसं एका वेळी मोकळी सापडणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त सापडण्यासारखं आहे. सापडला, आणि आम्ही निघालो.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनावरून गाडीनं तासाभरात ब्रायटन येतं. स्टेशन उंचावर आहे. बाहेर पडलं की सरळ उताराचा रस्ता आणि त्याच्या टोकाला समुद्र. आपल्याकडच्या माणसाला पहिला धक्का बसतो तो किनाऱ्याचा. वाळू नाहीच. नुसते गोटे. अनवाणी चालता येत नाही आणि लाट परत जाताना गोटे घरंगळल्याचा खळखळाट होतो. तो आवाज मला फार आवडला. पाणी सप्टेंबरातही गार. हातात बटाट्याच्या चिप्स असतील तर सीगल पक्ष्यांपासून जपा. आमच्या बंगळुरूवाल्याची निम्मी पुडी पहिल्या दहा मिनिटांत गेली.

समुद्रात शिरणारे दोन धक्के दिसतात, त्यांना तिथे पिअर म्हणतात. एक १८९९ सालचा पॅलेस पिअर. त्यावर पाळणे, खेळ, खाण्याच्या टपऱ्या. आपल्या जत्रेसारखं वातावरण. दुसरा वेस्ट पिअर. तो १८६६मध्ये सुरू झाला, १९७५मध्ये बंद पडला आणि २००३मध्ये जळाला. आता पाण्यात फक्त त्याचा लोखंडी सांगाडा उभा आहे. शिवाय किनाऱ्यालगत एक छोटी विजेची गाडी धावते, व्होक्स रेल्वे. ती १८८३पासूनची आहे आणि अजून चालू असलेल्या विजेच्या रेल्वेगाड्यांत जगात सगळ्यात जुनी. पाऊण दिवसात हे सगळं बघून होतं. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परततात.

आमच्यातल्या लंडनवाल्या एकानं मात्र आधीच सांगितलं होतं, ‘हे शहर आपल्या ओळखीचं आहे, जरा थांबून बघू.’

स्टेशनाजवळच सेंट निकोलस नावाचं जुनं चर्च आहे. त्याच्या आवारात साके दीन महोमेद यांची कबर आहे. जन्म १७५९, पाटणा. मृत्यू १८५१, ब्रायटन. हा माणूस कंपनीच्या फौजेबरोबर वाढला, आयर्लंडला गेला आणि १७९४मध्ये त्यानं आपलं प्रवासवर्णन छापलं. भारतीय माणसानं इंग्रजीत लिहिलेलं ते पहिलं पुस्तक. १८१०मध्ये लंडनला ‘हिंदुस्थानी कॉफी हाउस’ काढलं आणि दोन वर्षांत दिवाळं निघालं. मग तो ब्रायटनला आला आणि समुद्रासमोर औषधी वाफेची न्हाणीघरं सुरू केली. वाफ द्यायची आणि अंग रगडून द्यायचं. आपली चंपी! चांपणे या हिंदी क्रियापदावरूनच इंग्रजीत ‘शॅम्पू’ हा शब्द गेला. महोमेद पुढे दोन राजांचा, चौथ्या जॉर्जचा आणि चौथ्या विल्यमचा, ‘शॅम्पूइंग सर्जन’ झाला. दिवाळं निघाल्यावर पन्नाशीच्या पुढे नव्या गावात नवा धंदा उभा करणारा माणूस. आम्ही चौघंही त्या दगडासमोर जरा जास्त वेळ उभे राहिलो. नोकरी सोडायचा विचार प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी आलेला असतोच.

तिथून चालत रॉयल पॅव्हिलियन. हा ब्रायटनचा राजवाडा. बाहेरून बघाल तर घुमट, मिनार, जाळ्या. वाटावं की कुठलं तरी संस्थान आहे. आत गेलं की सगळी चिनी सजावट. जॉन नॅश या वास्तुविशारदानं १८१५ ते १८२२ या काळात त्याला हे रूप दिलं. तो भारतात कधी आलेला नव्हता. राणी व्हिक्टोरियाला हा वाडा आवडला नाही आणि १८५०मध्ये तो ब्रायटन गावानं विकत घेतला.

खरी गोष्ट पुढे आहे. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि १९१४च्या शरद ऋतूत हिंदी पलटणी फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत उतरल्या. पंजाबी, पठाण, गढवाली, गुरखे, डोग्रा. आपल्या पुण्याजवळच्या खडकीचे बॉम्बे सॅपर्सही होते. त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ला नव्ह शापेलच्या लढाईत जवळजवळ संपल्या. मराठा पलटणींचा मोठा भाग दुसरीकडे, मेसोपोटेमियात होता. तर फ्रान्समधल्या या जखमींना आणायचं कुठे? समुद्र ओलांडला की ब्रायटन. डिसेंबर १९१४मध्ये या राजवाड्याचं इस्पितळ झालं. राजाच्या मेजवानीच्या दालनात खाटा लागल्या. शेजारचा डोम म्हणजे मुळात राजाच्या घोड्यांची पागा, तिथेही खाटा. गावातली एक शाळा आणि एक अनाथ-गरिबांचं मोठं वसतिगृह, तीही हिंदी इस्पितळं झाली.

व्यवस्था बारकाईनं केलेली होती. पॅव्हिलियनमध्ये नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं. हिंदू आणि मुसलमान यांच्या पाण्याचे नळ वेगळे. हिरवळीवर मुसलमानांना नमाजासाठी जागा, शिखांना गुरुद्वारासाठी तंबू. हे वाचताना बरं वाटतं. पण पुढचंही वाचायला हवं. या इस्पितळाचे फोटो काढून त्यांची कार्डं विकली गेली. इंग्रजी, गुरुमुखी आणि उर्दूत पुस्तिका छापली गेली. सरकार तुमच्या मुलांची किती काळजी घेतं, हे गावोगाव कळावं आणि भरती चालू राहावी, हाही त्यात हेतू होता. सैनिकांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचत. त्या मोठ्या वसतिगृहातल्या इस्पितळाभोवती काटेरी तार होती आणि बाहेर हिंडण्यावर कडक बंधनं. २५ ऑगस्ट १९१५ला याच पॅव्हिलियनच्या बागेत राजा पाचव्या जॉर्जनं जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस दिला. विषारी वायूनं त्यांची तब्येत ढासळलेली होती. म्हणजे एका बाजूला राजाच्या हातचं पदक आणि दुसऱ्या बाजूला काटेरी तार. दोन्ही एकाच गावात. आम्ही तिकीट काढून त्याच दालनांत फिरत होतो आणि बाहेर पडून हव्या त्या गल्लीत जाऊ शकत होतो, हे मला तिथे प्रकर्षानं जाणवलं.

रविवारी सकाळी छत्री. हो, तिथेही तिला ‘छत्री’च म्हणतात. गावाच्या उत्तरेला पॅचम नावाचा भाग आहे. तिथून डाउन्स म्हणतात त्या गवताळ टेकड्यांवर चालत जावं लागतं. गाडीरस्ता नाही. आम्हांला पाऊण तास लागला. वाटेत मेंढ्या आणि भरपूर वारा. मग एकदम समोर पांढरी संगमरवरी छत्री दिसते, आपल्या इंदुरात होळकरांच्या छत्र्या आहेत त्याच कुळातली, पण लहान आणि एकटी.

ब्रायटनच्या इस्पितळांत जे हिंदू आणि शीख सैनिक गेले, त्यांना या टेकडीवर अग्नी दिला गेला. त्रेपन्न जण. त्यांची रक्षा समुद्रात सोडली. मुसलमान सैनिकांना वोकिंगला, शाहजहान मशिदीजवळ दफन केलं. इथे स्मारक व्हावं, ही कल्पना लेफ्टनंट दास गुप्ता या हिंदी डॉक्टरांनी १९१५मध्ये महापौर जॉन ऑटर यांच्यापुढे मांडली. आराखडा केला तो मुंबईच्या ई. सी. हेन्रिकस या तरुण वास्तुविशारदानं. १ फेब्रुवारी १९२१ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिचं अनावरण झालं. छत्रीपुढे ग्रॅनाइटच्या तीन शिळा आहेत. जिथे चिता रचल्या जात त्या चौथऱ्यांवरच त्या बसवल्यात. छत्रीवर मात्र मृतांची नावं नव्हती. ती २०१०मध्ये शेजारी वेगळी भिंत उभारून त्यावर कोरली गेली. म्हणजे नावं लागायला पंच्याण्णव वर्षं लागली.

आता जे सांगतो ते मित्राची परवानगी घेऊन सांगतो. आमच्या लंडनवाल्या दोघांपैकी एकाचे वडील त्याआधी दहा महिन्यांपूर्वी गेले होते. त्या वेळी त्याचा व्हिसा वाढवायचा अर्ज चालू होता. अर्ज प्रलंबित असताना देश सोडला तर तो मागे घेतला असं धरतात. बायकोची नोकरी, मुलाची शाळा, सगळं त्यावर अवलंबून. तो गेला नाही. मोठ्या भावानं अग्नी दिला. यानं तो फोनवर पाहिला. चुलतभाऊ फोन धरून उभा होता. त्यानंतर हा विषय त्यानं कोणाशीच काढला नव्हता, आमच्याशीही नाही. आम्हीही विचारलं नव्हतं.

त्या भिंतीसमोर तो एकेक नाव वाचत होता. बराच वेळ. मग म्हणाला, ‘अरे, यांच्या घरी कळलं कधी असेल?’ आम्ही गप्प. तो म्हणाला, ‘मला निदान दिसलं तरी.’ आणि मग तिथे गवतावर बसून त्यानं ती सगळी सकाळ आम्हांला सांगितली. फोन मधेच कसा बंद पडला, परत लागला तेव्हा चिता पेटलेली होती, आणि नंतर साडेनऊच्या मीटिंगला तो कसा बसला, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. आम्ही काही समजावलं नाही. समजावण्यासारखं काही नव्हतंच. तीन मित्र ऐकायला होते, एवढंच.

खाली उतरल्यावर, स्टेशनात गाडीची वाट बघताना त्यानं भावाला फोन लावला. ‘दादा, त्या दिवशी कोण कोण आलं होतं रे?’ दहा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं हे विचारलं. दादा नावं सांगत गेला. गाडी आली तरी त्यांचं बोलणं चालूच होतं.

माझी मुलं मला विचारतात, बाबा, दोन दिवसांत काय एवढं बघितलंत? मी त्यांना सांगतो, एक समुद्र, एक वाडा आणि एक टेकडी. आपण सहलीची यादी करतो तेव्हा मोजत असतो किती ठिकाणं झाली. माझं म्हणणं असं की यादीत एक जागा अशी ठेवा जिथे चालत जावं लागतं आणि गेल्यावर बसता येतं. मित्र गाडीत बोलत नाहीत, हॉटेलात फोन बघतात. चालताना बोलतात. आणि परदेशातल्या शहरात आपल्या माणसांची खूण कुठे आहे, याची आधी अर्धा तास चौकशी करा. ती बहुतेक ठिकाणी असते. फक्त मुख्य रस्त्यावर नसते.

परदेशी जाणं होणार नसेल तर इथेच बघा. १९१४-१९च्या युद्धात या गावातून किती माणसं गेली आणि किती परत आली नाहीत, असं सांगणाऱ्या शिळा आपल्याकडे अनेक गावांत आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात गेले. अशा शिळांवर पुष्कळदा फक्त आकडा असतो, नावं नसतात. तुमच्या आजोळी, तुमच्या मूळ गावी अशी शिळा असेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यातलं एखादं नाव कोणाला आठवतं का. आठवलं तर लिहून ठेवा. ब्रायटनला नावं लागायला पंच्याण्णव वर्षं लागली. आपल्याकडे तर शंभराच्या वर झाली.

आणि तुमच्या ओळखीत कोणी परदेशातून आई-वडिलांच्या अंत्यविधीला पोचू शकलं नसेल, तर त्याला एकदा विचारा, ‘त्या दिवशी तू काय केलंस?’ मग गप्प बसून ऐका.