मेनेस कोण?



इजिप्तचा पहिला राजा कोण, असे विचारले तर जुने ग्रंथ एकमुखाने सांगतात : मेनेस. हेरोडोटस त्यास मिन म्हणतो व मेम्फिसच्या स्थापनेचे श्रेय देतो. मानेथो हा तर इजिप्तचाच पुरोहित. पाणघोड्याने राजाचा बळी घेतला, इतकेही तो सांगून टाकतो! अबायडॉसच्या मंदिरात पहिल्या सेतीने कोरविलेल्या यादीतही आरंभी मेनीच आहे. पण हा सेती त्या राजानंतर १७०० वर्षांनी झाला, हे विसरून कसे चालेल?

आता जमीन काय सांगते ते पाहू. हिएराकोनपोलिस येथे १८९७-९८ च्या उत्खननात एक दगडी पाटी निघाली. तिच्या एका बाजूस राजाच्या मस्तकी दक्षिणेचा पांढरा मुकुट आहे, दुसऱ्या बाजूस उत्तरेचा तांबडा. नाव एक मासा आणि एक छिन्नी काढून लिहिले आहे : नारमेर. मेनेस कोठेच नाही.

घोटाळ्याचे मूळ असे की, तेथील राजास एकाहून अधिक नावे असत. होरस देवाशी जोडलेले नाव राजवाड्याच्या चौकटीत लिहीत. गिधाड व नाग या रूपांतील दोन देवींच्या आश्रयाचे नाव निराळे. आम्हां भारतीयांस यात नवल वाटू नये. शिलालेखांतला पियदसि म्हणजेच अशोक, हे १९१५ साली मास्कीचा लेख सापडला तेव्हा पक्के झाले. इजिप्तला अजून असा मास्की लाभलेला नाही.

लाभला असे एकदा वाटले होते. नकादाच्या कबरीत १८९७ साली एक हस्तिदंती चिठ्ठी मिळाली. तिच्यावर आहा राजाचे होरसनाव, आणि शेजारी मांडवात, त्या दोन देवींखाली, सोंगट्या मांडलेल्या पटाचे चिन्ह. त्याचा उच्चार ‘मेन’! तेव्हा आहा हाच मेनेस, असे अनेकांनी म्हटले. इतरांनी उत्तर दिले : मांडव मृत राजाचा, म्हणजे नारमेरचा, आहाने तो उभारला एवढेच. नारमेरच्या नावाशेजारी हाच पट असलेले मुद्रांचे ठसेही आहेत.

आम्ही नारमेरच्या बाजूचे. अबायडॉसला १९८५ साली देन राजाच्या काळातील मुद्रेचा मातीवरील ठसा मिळाला. त्यात राजांची क्रमवार नावे आहेत : नारमेर पहिला, आहा दुसरा, मग जेर. म्हणजे घराण्याला स्वतःचा मूळपुरुष ठाऊक होता. त्या ठशावर मेनी हे नाव नाही, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण तेथे सारी होरसनावेच आहेत. मेनी तेथे असणारच कसा?