दिव्यांगांचे लाभ : स्वतःचा अर्ज की जाणकाराची मदत?

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता अशा प्रसंगी नागरिकांना सार्वजनिक साहाय्य मिळावे, यासाठी राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत तरतूद करावी, असे मार्गदर्शक तत्त्व भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये आहे. हे तत्त्व सामान्य माणसापर्यंत पोहोचते ते एका अर्जाच्या रूपाने. अर्ज नीट भरला गेला नाही, तर कायद्याने दिलेला हक्क कागदावरच राहतो. म्हणूनच अर्ज कोणी आणि कसा भरावा, हा प्रश्न वरवर वाटतो तितका किरकोळ नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ते २१ केले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास ते ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ ठरते आणि आरक्षणासारख्या तरतुदींचा लाभ घेता येतो. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के अधिक साहाय्य असावे, असेही कलम २४ सांगते.

या सर्व लाभांचे प्रवेशद्वार म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र. १ जून २०२१ पासून ही प्रमाणपत्रे केवळ ‘स्वावलंबन’ पोर्टलमार्फतच देणे सर्व राज्यांना बंधनकारक झाले. ऑनलाइन पद्धतीचे फायदे उघड आहेत. अर्जाला क्रमांक मिळतो, त्याची सद्यःस्थिती घरबसल्या पाहता येते, कागद गहाळ होत नाही आणि ओळखपत्र देशभर ग्राह्य धरले जाते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतर करणाऱ्या मजुराच्या दृष्टीने हे शेवटचे वैशिष्ट्य विशेष मोलाचे आहे.

तथापि, ऑनलाइन अर्ज ही प्रक्रियेची केवळ पहिली पायरी आहे. तपासणी वैद्यकीय प्राधिकाऱ्यासमोरच होते आणि त्यासाठी अनेकांना जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते. शिवाय, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला न उलगडणारी चित्ररूप सांकेतिक अक्षरे, बोटांचे ठसे, डोळ्यांची उघडझाप करून द्यावयाची ओळख असे अडथळे डिजिटल व्यवहारात ठायी ठायी येतात. अंध व्यक्ती आणि आम्लहल्ल्यातून बचावलेल्या व्यक्ती यांनी या अडचणी सर्वोच्च न्यायालयात मांडल्या. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवांची सुगमता हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला आणि ओळख पडताळणीसाठी पर्यायी मार्ग उपलब्ध करून देण्याचे निर्देश दिले.

अशा स्थितीत मदतनीसाची गरज नाकारता येत नाही. सामाईक सेवा केंद्राचा चालक, जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्राचे कर्मचारी, स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता यांच्या अनुभवाने नावातील तफावत, अपुरे कागद यांसारख्या चुका टळतात. परंतु मदतीचीही किंमत असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेचे उदाहरण घ्यावे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा २०१२ पासून दरमहा ३०० रुपये, तर वयाच्या ८० वर्षांनंतर ५०० रुपये असा ठरला. राज्ये त्यात आपली भर घालतात. रक्कम एवढी लहान असताना दलालाची दक्षिणा, प्रवासखर्च आणि सोबत येणाऱ्या नातलगाची बुडालेली मजुरी यांत कित्येक महिन्यांचा लाभ खर्ची पडू शकतो.

याहून गंभीर प्रश्न नियंत्रणाचा आहे. अर्जात मदतनीसाचाच मोबाइल क्रमांक नोंदवला गेला, तर तपासणीची तारीख, त्रुटीची सूचना आणि एकवेळचा सांकेतिक क्रमांक त्याच्याकडेच जातो. अर्जदाराला आपल्याच अर्जाचे काय झाले हे कळत नाही. जास्त टक्केवारी मिळवून देण्याचे आमिष तर थेट संकटात नेणारे असते. फसवणुकीने लाभ घेतल्यास कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

यावरून एक विवेक स्पष्ट होतो. मदत घेणे म्हणजे परावलंबन नव्हे. आपल्या अर्जावरील ताबा गमावणे म्हणजे परावलंबन. मोबाइल क्रमांक व बँक खाते स्वतःचे अथवा विश्वासू कुटुंबीयाचे असावे, मूळ कागद कोणाकडे ठेवू नयेत, भरलेला अर्ज पाठवण्यापूर्वी मोठ्याने वाचून घ्यावा, पोचक्रमांक आणि दिलेल्या पैशांची पावती घ्यावी, एवढी दक्षता घेतली तर मदतनीस हा मालक न होता साहाय्यकच राहतो.

शासनाची जबाबदारी मात्र इथे संपत नाही. संकेतस्थळे सुगम करणे, प्रमाणित सेवा केंद्रांचे दर ठळकपणे लावणे, तालुका पातळीवर तपासणी शिबिरे घेणे आणि अर्ज नाकारल्यास त्याचे कारण अर्जदाराला समजेल अशा भाषेत कळवणे, ही कामे प्रशासनाचीच आहेत. उद्या प्रशासनात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक कसोटी ध्यानात ठेवावी : एकट्याने अर्ज करू इच्छिणाऱ्याला तो करता यावा आणि ज्याला आधार हवा त्याला तो विनामोबदला अथवा माफक दरात, सन्मानाने मिळावा. या दोन्ही वाटा खुल्या असतील, तरच अनुच्छेद ४१ मधील अभिवचन शेवटच्या घरापर्यंत पोहोचेल.