बसवणाऱ्या हाताचा विचार

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर इथल्या कारखान्यांत काम करणारी बरीच मंडळी आत्ता ऐकत असतील. त्यांच्या रोजच्या हाताळणीतल्या एका भागाविषयी, थ्रस्ट रोलर बेअरिंगविषयी, आज बोलायचे आहे.

फिरणाऱ्या शाफ्टवर दोन प्रकारचा भार येतो. एक आडवा आणि दुसरा शाफ्टच्या लांबीच्या दिशेने. हा दुसरा भार म्हणजे थ्रस्ट. गिअरचे दाते तिरके कापले की आवाज कमी होतो, पण गिअर बाजूला सरकू पाहतो. तो भार पेलायला दोन चपट्या वॉशरांच्या मध्ये चाकाच्या आऱ्यांसारखे रोलर मांडतात आणि त्यांना जागच्या जागी ठेवायला केज बसवतात.

डिझायनरला हे बेअरिंग आवडते ते जागा वाचते म्हणून. आतला व्यास 25 मिलिमीटर आणि बाहेरचा 42 मिलिमीटर असलेले थ्रस्ट बॉल बेअरिंग 11 मिलिमीटर उंचीचे असते. त्याच व्यासात बारीक, सुईसारख्या रोलरांचा केज 2 मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंना 1-1 मिलिमीटरचे वॉशर, म्हणजे सगळे मिळून 4 मिलिमीटर. पण या बचतीबरोबर एक अडचणही येते. एका बेअरिंगचे आता तीन सुटे, पातळ तुकडे झालेले असतात. एखादा वॉशर बसवायचा राहू शकतो, एकावर एक दोन जाऊ शकतात किंवा केज निसटून खाली पडू शकतो.

ऑटोमॅटिक गाडीतला टॉर्क कन्व्हर्टर घ्या. त्यातल्या स्टेटरच्या दोन्ही बाजूंना अशी बेअरिंगे असतात. ती बसवल्यावर कन्व्हर्टरची दोन्ही कवचे वेल्डिंग करून बंद करतात. त्यानंतर चूक लक्षात आली, तर कवच कापण्याशिवाय इलाज नाही. म्हणून मी म्हणतो, भार आणि वेग यांचा हिशेब झाला म्हणजे डिझाइन झाले असे नाही. ते बेअरिंग हातात घेऊन बसवणारा माणूसही त्या हिशेबात आला पाहिजे.

पहिली गरज म्हणजे तिन्ही तुकडे एकत्र राहिले पाहिजेत. त्यासाठी वॉशरची कड वळवून तिला ओठ काढतात आणि त्या ओठावर तीन-चार ठिकाणी आतल्या बाजूला बारीक उंचवटे काढतात. केज किंचित दबून त्यांच्या पलीकडे जातो, टक् असा आवाज होतो आणि मग तो सहजी बाहेर येत नाही. खरे कौशल्य त्या उंचवट्याच्या मापात आहे. तो फार पुढे आला तर आत जाताना केज वाकतो, फार कमी आला तर वाहतुकीच्या हादऱ्यांनीच केज सुटतो. शिवाय बेअरिंग फिरू लागल्यावर केज त्या उंचवट्यांना घासता कामा नये. धरून ठेवण्याची ही सोय असेंब्लीपुरती आहे. चालत्या बेअरिंगच्या कामात तिने लुडबुड करू नये, इतकी मोकळीक ठेवावीच लागते.

तेलाचाही विचार हवा. रोलरचे आतले टोक मध्यापासून 15 मिलिमीटरवर आणि बाहेरचे 20 मिलिमीटरवर असेल, तर एका फेरीत वॉशरवरची आतली वाट सुमारे 94 मिलिमीटरची आणि बाहेरची सुमारे 126 मिलिमीटरची होते. सरळ रोलरचा व्यास मात्र दोन्ही टोकांना सारखाच. म्हणजे थोडे घसरणे ठरलेलेच, आणि त्यासाठी तेल वाहते हवे. सगळीकडून बंद केलेला ओठ तेलाची वाट अडवतो.

दुसरी गरज म्हणजे बेअरिंग आपल्या जागी टिकले पाहिजे. पुष्कळदा फिटर त्याला ग्रीस लावून हाउसिंगला चिकटवतो, आणि हाउसिंग उलटे केले की ते सरकते. त्याऐवजी ओठाच्या बाहेरच्या बाजूला असे उंचवटे द्यावेत की ते बोअरमध्ये हलकेच अडकतील. वॉशरला आधार मात्र एकाच भागाचा द्यावा, एक तर शाफ्टचा किंवा हाउसिंगचा. एकाच वेळी दोन्हींना टेकला तर तो फिरताना घासणार.

तिसरी गरज, ते उलटे बसताच कामा नये. आतले आणि बाहेरचे व्यास असे ठेवावेत की उलटे बेअरिंग खाचेत जाणारच नाही. ते जमत नसेल, तर उलटे बसल्यावर उंची इतकी वाढावी की पुढचा भाग बसू नये आणि गेजने लगेच पकडावे.

1961 साली जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांच्यापुढे जोडणीतल्या चुकीचा असाच प्रश्न आला होता. जपानमधल्या एका कारखान्यात एका स्विचमध्ये दोन स्प्रिंगा घालायच्या असत, आणि कधीकधी त्यातली एक राहून जाई. कामगारांना पुन्हा पुन्हा बजावूनही ते थांबत नव्हते. शिंगोंनी आधी दोन्ही स्प्रिंगा एका छोट्या ताटलीत काढून ठेवायला सांगितल्या. स्विच जोडून झाल्यावर ताटलीत स्प्रिंग उरली, तर चूक तिथेच दिसे. माणसावर ठपका न ठेवता त्यांनी कामाची रीत बदलली.

आपल्याकडे उलट घडताना मी पाहिले आहे. बेअरिंग उलटे बसले की फिटरला मेमो मिळतो आणि ड्रॉइंग तसेच राहते. आठ तास तेलकट हातमोजे घालून एकसारखे दिसणारे तुकडे उचलणाऱ्या माणसाकडून कधीही न चुकण्याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे.

म्हणून ड्रॉइंगवर सही करणाऱ्या तरुण इंजिनिअरांना माझी विनंती आहे. नमुना हातात घेऊन लाइनवर जा. तो बसवणाऱ्याच्या हाती द्या, हाउसिंग उलटे करायला सांगा, मुद्दाम चुकीच्या बाजूने बसवून बघायला सांगा. तो काय म्हणतो ते लिहून घ्या आणि मगच सही करा. चुकीचे बसवताच येत नाही असे बेअरिंग ज्या दिवशी तुमच्या हातून तयार होईल, त्या दिवशी तुमचे डिझाइन पुरे झाले असे समजा.