जीवापासूनच जीव : स्पालान्झानीचे प्रयोग



आपल्या प्राचीन ग्रंथांत जीवांचे जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज असे चार वर्ग सांगितले आहेत. मनुस्मृतीत डास, उवा, माशा, ढेकूण यांची गणना स्वेदजांत, म्हणजे उष्म्यापासून जन्मणाऱ्यांत केलेली आहे. युरोपातही अशीच समजूत रूढ होती. १६६८ मध्ये इटलीतील रेडी याने मांसाच्या भांड्यावर तलम कापड बांधून अळ्या माशांच्या अंड्यांतून होतात हे सिद्ध केले. तथापि सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या जीवांचे काय, हा प्रश्न उरलाच.

नीडहॅम या इंग्रज धर्मगुरूने मांसरस तापवून बाटलीत भरला व बूच बसविले. काही दिवसांनी त्यात असंख्य जीव वळवळताना दिसले. निर्जीव पदार्थातच एक ‘वर्धक शक्ती’ वास करते, असा निष्कर्ष त्याने काढला.

त्याला उत्तर देणारा लाझारो स्पालान्झानी हाही धर्मगुरूच होता. म्हणून हा वाद धर्म विरुद्ध विज्ञान असा नव्हता, हे आम्ही आवर्जून सांगू इच्छितो. १७२९ मध्ये इटलीतील स्कांदियानो येथे जन्मलेल्या या निसर्गशास्त्रज्ञाला बुचाचा भरवसा वाटेना. त्याने काचपात्राची मानच ज्योतीवर वितळवून बंद केली आणि आतील रस तासभर उकळला. त्यात जीव आढळले नाहीत. हे त्याने १७६५ मध्ये प्रसिद्ध केले.

नीडहॅमने आक्षेप घेतला : एवढ्या उष्णतेने ती शक्तीच नष्ट झाली, आतील हवाही बिघडली! आमच्या सरकारी कचेरीत अशा शेऱ्यावर प्रतिशेरा लिहिला जातो आणि फाइल जाडजूड होते. स्पालान्झानीने मात्र आक्षेपालाच प्रयोगाचे रूप दिले. निरनिराळी बियाणी अर्धा, एक, दीड व दोन तास उकळून त्याने पात्रांना सैल बुचे लावली. दोन तास उकळलेल्या पात्रांतही जीव प्रकटले! शक्ती उष्णतेने मरत असती, तर येथे ते कोठून आले? अर्थात ते बाहेरच्या हवेतून आले होते. पात्रातील हवा विरळ होऊ नये म्हणून त्याने मान केसासारखी बारीक ओढून क्षणात बंद केली. हे सारे १७७६ च्या त्याच्या ग्रंथात आले आहे.

तरीही वाद मिटला नाही. फ्रान्समध्ये अपेर याने बंद बाटल्या उकळून अन्न टिकविण्याची रीत १८१० मध्ये ग्रंथरूपाने मांडली. त्या बाटल्यांत प्राणवायू नसतो असे गे-ल्यूसॅकला आढळले आणि हवेचा जुना आक्षेप पुन्हा उभा राहिला. अखेर पाश्चरने हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेली पात्रे वापरली. हवा आत जाई, धूळ वळणात अडके, आणि रस निर्मळ राही. याबद्दल १८६२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला पारितोषिक दिले. काही जंतूंची बीजुके उकळूनही जिवंत राहतात, हे पुढे १८७६ मध्ये कोह्नने दाखविले. कित्येकांचे प्रयोग का फसत, हे तेव्हा उलगडले.

आमच्या मते या कथेचे सार असे की, प्रामाणिक आक्षेप हा शत्रू नव्हे. नीडहॅम नसता तर स्पालान्झानीची बुचे सैल झाली नसती. आपल्या गृहिणी दूध तापवून झाकून ठेवतात. त्या साध्या कृतीमागे शतकभराचा हा संवाद उभा आहे, याचे स्मरण आपल्या मुलाबाळांना करून द्यावे.