ऊब आणि वीज

वैशाखात परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या चक्राकार बारवेच्या पायऱ्या उतरताना वर अंगाची लाही आणि खाली गारवा, हे तुम्ही अनुभवलं असेल. अशाच फरकातून वीज काढता येते. दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडायच्या, एक सांधा तापवायचा, दुसरा थंड ठेवायचा. १८२१ साली थॉमस झेबेक यांना हा परिणाम आढळला. नुसतं तापून भागत नाही. नाहीतर आपल्या परभणीच्या उन्हाळ्यात विजेची ददातच नसती!

हाच परिणाम अवकाशात कामी येतो. सूर्यापासून फार लांब सौरपट्ट्या कुचकामी ठरतात. म्हणून १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर अवकाशयानांवर प्लुटोनियम-२३८ आहे. किरणोत्सर्गामुळे ते आपोआप तापत राहतं आणि ८७.७ वर्षांनी निम्मं उरतं. त्या उबेतून झेबेक परिणामाने वीज बनते. सुरुवातीला प्रत्येक यानाला सुमारे ४७० वॅट मिळत, घरातल्या मिक्सरला लागतात जवळपास तेवढेच. दरवर्षी त्यातले चारेक वॅट घटतात, मग एकेक उपकरण बंद करावं लागतं.

आपल्याकडे चांद्रयान-३ च्या प्रणोदन भागात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची एकेक वॅटची दोन किरणोत्सारी साधनं होती. ती वीज देत नाहीत, फक्त ऊब देतात. चंद्रावर उतरलेल्या विक्रम लँडरवर आणि प्रज्ञान बग्गीवर मात्र ती नव्हती. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची आणि भयंकर गारठ्याची. सप्टेंबर २०२३ मध्ये निजवलेले ते दोघे पुन्हा जागे झाले नाहीत.