झोपलेली गोगलगाय मेलेली नसते
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मार्च १८४६ मध्ये इजिप्तच्या वाळवंटातील एका गोगलगायीचा शंख लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात पट्टीवर चिकटवून ठेवला होता. ती मेली असेच सर्वांना वाटले. १८५० मध्ये तिला कोमट पाण्यात ठेवताच ती चालू लागली! अन्नपाण्यावाचून चार वर्षे ती जगली कशी?

याचे उत्तर इस्राएलच्या नेगेव वाळवंटातील पांढऱ्या गोगलगायीवर झालेल्या व १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळते. तेथे उन्हाळ्यात जमीन ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. गोगलगाय शंखाच्या वरच्या वेढ्यांत आक्रसून बसते व तोंडावर पापुद्रा धरते. शंखाचा पांढरा रंग बहुतेक ऊन परतवतो. खालच्या वेढ्यातील हवा गोधडीसारखी उष्णता अडवते. तिच्या अंगात सुमारे दीड ग्रॅम पाणी असते आणि दिवसाला अवघे अर्धा मिलिग्रॅम खर्च होते. हिवाळी पाऊस पडला की ती जागी होते, जमिनीवरचे शेवाळ खाते, जोडी जमवते आणि ओल्या मातीत अंडी घालते. खाणेपिणे आणि प्रजनन वर्षातील थोड्याच ओल्या दिवसांत उरकते.

हे आपल्याला कशासाठी? २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. आपल्याकडील मोठी शंखी आफ्रिकन गोगलगाय वाळवंटातील नव्हे, पण कोरड्या दिवसांत तीही तोंड बंद करून मातीत, बांधाच्या कडेला, दगडाखाली झोपते. उन्हाळ्यात रान स्वच्छ दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. पहिल्या पावसाने ती उठते आणि एका वेळी शंभराहून अधिक अंडी मातीत घालते. प्रत्येक गोगलगायीत नर व मादी दोन्ही अवयव असल्याने कोणतीही अंडी घालू शकते.

म्हणून उन्हाळ्यात बांध व दगडांचे ढीग साफ करा. पहिला पाऊस होताच संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे शेतात ठिकठिकाणी पसरा. सकाळी ऊन चढण्यापूर्वी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा व साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवून मारा. रिकामा वाटणारा शंखही बांधावर फेकू नका. गावाने मिळून हे काम करावे. एकट्याचे रान साफ झाले तरी शेजारच्या बांधावरून त्या पुन्हा येतात.

अंडी घालण्यापूर्वी वेचलेली एक गोगलगाय म्हणजे पुढच्या शंभर कमी.