महाड : पाण्याकाठचं गाव आणि आपली माणसं

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पवित्र स्मृतीस त्रिवार वंदन करून मी विषयाकडे वळतो. 'महाडचा इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या' असा विषय समितीने मला दिला आहे. ऐकायला तो शाळेतल्या धड्यासारखा वाटतो. पण मित्रहो, महाडच्या बाबतीत हे तीन विषय वेगळे काढताच येत नाहीत. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी.

आधी भूगोल बघू. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णा, कोयना, वेण्णा या नद्या पूर्वेकडे देशावर जातात. आपली सावित्री मात्र पश्चिमेला कोकणात उतरते. पोलादपूरवरून ती महाडला येते, इथे तिला गांधारी मिळते, पुढे दासगाव, आंबेत करत ती बाणकोटजवळ समुद्राला मिळते. समुद्र महाडपासून लांब, तरी भरतीचं पाणी खाडीतून आत चढतं. त्यामुळेच डोंगरांच्या कुशीतलं हे गाव बंदर झालं. भरतीवर लहान गलबतं थेट महाडला लागत, मोठी दासगावला थांबत. घाटावरून बैलांच्या पाठीवर धान्य, गूळ खाली यायचा आणि खाडीतून मीठ, सुकी मासळी वर जायची. रायगड राजधानी झाला तेव्हा तिच्या पायथ्याची ही बाजारपेठ होती. पेशवाईत नाना फडणवीस १७९६ साली इथेच येऊन राहिले होते.

परंतु महाडचा इतिहास गडापासून सुरू होत नाही. गावाजवळच गांधारपाल्याच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. जवळजवळ तीस लेणी, अठराशे वर्षांच्या आसपासची. पलीकडे कोल गावातही लेणी आहेत. जिथे व्यापाराचा रस्ता, तिथे व्यापारी, आणि जिथे व्यापारी, तिथे भिक्खूंच्या वर्षावासाला दान देणारे हात. गांधारपाल्याच्या एका शिलालेखात कानभोज विष्णुपालित या कुमाराचं दान कोरलेलं आहे. त्याने काय दिलं? लेणं दिलं, चैत्यगृह दिलं, आठ खोल्या दिल्या आणि पाण्याच्या दोन पोढी दिल्या. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं टाकं. म्हणजे आपल्या भागातलं इतकं जुनं लिखित दान हे पाण्याचंही दान आहे. लेणी बघायला मुलांना घेऊन जाल तेव्हा नुसती मूर्ती दाखवू नका, ही टाकीसुद्धा दाखवा.

आता त्याच गावात पुढे काय झालं ते बघा. खाडीचं पाणी खारं, ते पिता येत नाही. म्हणून गोड्या पाण्याच्या तळ्यांना किंमत आली. चवदार तळं हे त्यातलं मोठं, चार-पाच एकरांचं, पावसावर आणि झऱ्यांवर भरणारं. आपली माणसं आसपासच्या खेड्यांतून बाजाराला यायची, सरकारी कामाला यायची, डोक्यावर ओझी वाहायची. सगळ्यांना त्या तळ्याचं पाणी चालत होतं, गुरं पाणी प्यायची, पण आपल्या आजोबा-पणजोबांना घोट मिळत नव्हता.

लढा महाडलाच का उभा राहिला, असं मुलं विचारतात. याचं उत्तरही इथल्या लोकसंख्येत आहे. या पट्ट्यातले आपले पुष्कळ लोक इंग्रजांच्या पलटणीत होते. पेन्शन घेऊन परत आलेला माणूस लिहिणारा-वाचणारा, जग पाहिलेला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच माजी सैनिक. त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं आणि पुढे ते महाडच्या लोकल बोर्डावरही गेले. ही जमीन अशी आधीच नांगरलेली होती.

१९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला, पण तो कागदावर राहिला. मग १९ व २० मार्च १९२७ ला परिषद भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांनी त्यासाठी रान उठवलं. त्या परिषदेला लागणारं पाणी चाळीस रुपये देऊन विकत घ्यावं लागलं होतं! नद्यांच्या, तळ्यांच्या गावात ही स्थिती. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले.

डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा आले ते पाण्याच्या वाटेने. मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघून ते दासगाव बंदरात उतरले आणि हजारो लोकांसह चालत महाडला आले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. परिषदेला जागा मिळू नये असे प्रयत्न झाले, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. हे आपण कधी विसरू नये. सनातन्यांनी कोर्टात दावा केला होता. तो महाड, ठाणे करत मुंबई हायकोर्टात गेला आणि १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूने निकाल लागला. दहा वर्षांना फक्त तीन दिवस कमी!

आता लोकसंख्या. २०११ च्या जनगणनेत महाड शहर साडेसत्तावीस हजारांच्या घरात होतं, महाड तालुका सुमारे एक लाख ऐंशी हजार आणि पोलादपूर तालुका पंचेचाळीस हजार. पोलादपुरात पुरुषांपेक्षा बायका जास्त. कारण तुम्हाला ठाऊक आहे. कर्ता माणूस मुंबईला, सुरतेला. इकडे एमआयडीसी आली, कोकण रेल्वे वीरला आली, तरी वाड्यांतली कुलपं कमी झाली नाहीत.

आणि पाणी आता दुसरं रूप दाखवतं आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ ला सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्यात बुडालं, तळिये गाडलं गेलं, पोलादपूरच्या साखर सुतारवाडी आणि केवनाळेतही माणसं गेली. म्हणून प्रत्येकाने एकदा बघावं, आपली वाडी कुठे आहे? गावकुसाबाहेरची जागा आपल्या वाडवडिलांनी निवडलेली नव्हती, ती त्यांना दिलेली होती. उताराला आहे, की नदीच्या काठाला? पावसाळ्यात रात्री निघायची वेळ आली तर म्हातारी माणसं, लहान मुलं कुठे न्यायची? हे विहारात बसून आधीच ठरवायला हवं.

शेवटी दोनच विनंत्या करतो. पहिली : २०२१ ची जनगणना झाली नाही, ती २०२७ वर गेली. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याला शंभर वर्षं होतात. १९५१ साली महाराष्ट्रात बौद्ध नावापुरते होते, १९६१ ला सत्तावीस लाखांवर गेले. ती धम्मक्रांतीची नोंद आहे. तेव्हा गणकाला धर्म 'बौद्ध' असाच सांगा आणि तो कागदावर तसा लिहिला की नाही, हे बघा. १९९० च्या कायद्यानंतर बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीच्या सवलती जात नाहीत, ही भीती मनातून काढून टाका.

दुसरी : या विहारात एक वही ठेवा. कोणत्या वाडीतून कोण सत्तावीस सालच्या परिषदेला चालत गेलं, कुणाला मार बसला, कोण पलटणीत होतं, कोण बंदरावर हमाली करत होतं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. गडाचा इतिहास बखरीत आहे, बंदराचा सरकारी दप्तरात आहे. ओझी वाहणाऱ्यांचा इतिहास मात्र आजी-आजोबांच्या तोंडी आहे, आणि दर वर्षी त्यातली काही तोंडं कायमची मिटतात. कानभोजाने आपलं दान दगडावर कोरून ठेवलं, म्हणून ते आपल्याला कळलं. आपल्याला निदान वहीत लिहिता येतं. ते काम याच वर्धापनदिनापासून सुरू करावं, एवढं सांगून मी आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!